हौश्याचा निकाल

शिवकन्येचं भाषण सगळ्यात जास्त वेळा कोणी ऐकलं असेल, तर आमच्या हौश्याने. हौश्या म्हणजे आमचा बैल आणि शिवकन्या माझी नात, अभिमन्यूची मुलगी. बीडच्या वादविवाद स्पर्धेआधी ती रोज संध्याकाळी गोठ्यात जायची, गव्हाणीपुढे उभी राहायची आणि "सन्माननीय परीक्षक" म्हणून सुरुवात करायची. हौश्या कडब्यातून तोंड वर काढायचा, जरा वेळ तिच्याकडे बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा. मी शेजारी अंबाडीचा दोर वळत बसलेला असायचो. मला मान हलवायची परवानगी होती, मध्ये बोलायची नव्हती.

विषय होता, फाशीची शिक्षा असावी की नसावी. ती नसावी या बाजूने बोलायची. त्यात कायद्याची पुष्कळ कलमं होती, ती माझ्या डोक्यावरून जायची. पण एका जागी तिचा आवाज खाली यायचा आणि माझे हात थांबायचे. "दोर आपोआप आवळत नाही," ती म्हणायची. "कोणाला तरी हात घालावा लागतो. तोही कोणाचा तरी बाप असतो. संध्याकाळी तो घरी जातो, पोराला मांडीवर घेतो. त्याच्या हाताचं काय करायचं, हे कायद्यात कुठे लिहिलंय?"

हे तिच्या डोक्यात पुस्तकातून आलं नव्हतं. लहान असताना ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. कर्नाटकातल्या एका उसाच्या फडावर कोणाचा तरी मोबाईल गेला आणि टोळीतल्या एका गड्यावर संशय आला. त्याला गाडीच्या चाकाला बांधून बेदम मारलं. जिवंत सोडू नका, असं शहाणीसुरती माणसंही म्हणत होती. सकाळी मोबाईल उसाच्या पाचटात सापडला. शिवकन्या तेव्हा कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दारात उभी होती. त्यानंतर ती फडावर गेली नाही. थंडीचे महिने आमच्या दोघा म्हाताऱ्यांजवळ राहिली, शाळा शिकली आणि शाळेतून आल्यावर मलाही पाटी धरायला लावली. साठी ओलांडल्यावर मला अक्षर लागलं ते तिच्यामुळे.

बीडला तिचा पहिला नंबर आला, कप मिळाला. अभिमन्यू आणि सूनबाई मंगल तेव्हा फडावर होते; त्या वर्षी ते ट्रॅक्टरच्या टोळीत गेले होते, म्हणून हौश्या घरीच होता. त्यांनी भाषण मोबाईलवर ऐकलं. मंगल रडली म्हणे. अभिमन्यू म्हणाला, "आवाज चांगलाय, पण म्हणणं चुकीचं हाय."

अभिमन्यूचं म्हणणं सगळ्या गावाला पाठ होतं. उन्हाळ्यात फडावरून परतला की तो विठ्ठलरावाच्या हॉटेलात बसायचा. कोणी पेपर वाचून दाखवला की याचा निकाल तयार. चोरी असो, खून असो, भेसळीचं दूध असो, "चौकात फाशी द्या, एकदाच." विठ्ठलराव त्याला म्हणायचा, "तुझ्या राज्यात चौक कमी पडतील लेका."

घरी बापलेकीचं जेवताना जुंपायचं.

"तुझ्यासारखे वकील झाले तर चोर हार घालून हिंडतील," अभिमन्यू म्हणायचा.

"आन तुमी न्यायाधीश झालात पप्पा, तर गावात बैल बांधायला दोर उरायचा न्हाई."

मग माझी बायको केसरबाई ताटात भाकरी आपटायची. "गप जेवा दोघं. ज्याला फाशी द्यायचीय त्याला उद्या द्या. भाकर गार व्हायली."

बोलायचा तसा, पण लेकीला वकिलीला पाठवायला अभिमन्यूची ना नव्हती. बारावी झाली, प्रवेशपरीक्षा झाली आणि पोळ्याच्या आठवड्यात संभाजीनगरच्या एका कॉलेजात पाच वर्षांच्या वकिलीला तिचा नंबर लागला. पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी कर आणि करीच्या दुसऱ्या दिवशी कागदपत्रं घेऊन तिथे हजर व्हायचं होतं. नाही गेलं तर जागा दुसऱ्याला.

कॉलेजातून आपल्याला काय काय हवंय, हे ती मला शेंगा फोडता फोडता सांगायची. अशी लायब्ररी, जिथे दिवा मालव असं कोणी म्हणत नाही. अशी मैत्रीण, जिच्याशी भांडलं तरी ती दुसऱ्या दिवशी बोलते. तिथल्या हायकोर्टात मागच्या बाकावर बसून एक अख्खा दिवस नुसतं ऐकायचं. आणि एकदा म्हणाली, "होस्टेलात सगळ्यांचेच आईबाप लांब असतात, आबा. तिथं मी एकटीच तशी न्हाई." मी तिच्या पुढ्यात आणखी शेंगा सरकवल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैल धुतले. एक आमचा हौश्या, दुसरा शेजाऱ्याचा. आमच्याकडे एकच बैल, त्यांच्याकडे एकच, म्हणून दोघं मिळून वारंगुळ्याने जोडी करतो आणि आळीपाळीने दोन्ही रानं करतो; फडावर उसाच्या गाडीलाही हीच जोडी. शिवकन्येने हौश्यासाठी मी वळलेलं नवं दावं गुलाबी रंगात बुडवून वाळवलं होतं. तेही तिने स्वतः त्याच्या गळ्यात बांधलं. शिंगं साळून अभिमन्यूने अशी टोकदार केली होती की सुईत ओवावीत.

दिवस मावळायला खांदमळणी. वर्षभर बैलाच्या खांद्यावर जू असतं, म्हणून त्या संध्याकाळी हळद आणि लोणी लावून तो खांदा मळायचा आणि बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं. हे काम घरातल्या थोरल्याचं, म्हणजे माझं. मी हौश्याच्या खांद्याला हात लावला आणि नेहमीसारखं म्हणालो, "आज आवतन घ्या..."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. त्याची मान फिरली. मी गोठ्याच्या कुडावर आदळलो. कोणीतरी ओरडलं. मी उठायला गेलो तर तो पुन्हा आला.

अभिमन्यू मध्ये पडला म्हणून मी हे सांगायला उरलो. दोन बरगड्या मोडल्या आणि मांडीला टाके पडले. नेकनूरच्या दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे पोळ्यालाच, मला घरी आणून ओसरीवर बाजेवर टाकलं. दवाखान्यात शिवकन्या रात्रभर माझ्या उशाशी होती. रडली नाही. पण पहाटे बाहेर जाऊन तिने फोन केला होता. कोणाला, ते घरी आल्यावर कळलं.

"मी अजिनाथकाकाला बोलावलंय," ती म्हणाली. "करीच्या दिवशी येतो म्हणाला."

अजिनाथ जनावरांचा व्यापारी. मारका बैल बाजारात शेतकरी घेत नाही. मग तो कुठे जातो हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही.

अभिमन्यूने विचारलं, "कशाला?"

"हौश्याला न्यायला."

"अगं, त्याला माशी चावली असंल."

"माशी चावल्यावर बैल शेपूट हलवतो, पप्पा. शिंग न्हाई."

"पोरांनी फटाका वाजवला रस्त्यावर."

"फटाका नंतर वाजला. मी तिथंच होते."

"मग दादांच्या हाताला तंबाखूचा वास आला असंल." अभिमन्यू मला दादा म्हणतो.

"आबांनी तंबाखू कवाच सोडली."

"सोडली म्हणूनच चिडला असंल," केसरबाई म्हणाली. "दोघं मिळून वास घ्यायचे."

मला हसू आलं आणि बरगडीत कळ गेली. शिवकन्या हसली नाही. ती म्हणाली, "एकदा चुकून लागलं म्हणू. पण आबा खाली पडल्यावर तो परत आला. परत कावून आला, ते सांगा."

मी त्याचे डोळे बघितले होते. तो जाणूनच आला होता.

चौकाचौकात फाशी देणारा माझा मुलगा बैलाची वकिली करत होता, आणि फाशी नको म्हणून कप जिंकलेली माझी नात त्याचा जीव मागत होती. अभिमन्यूचं मला कळत होतं. सहा महिने फडावर तो मंगलपेक्षा हौश्याशी जास्त बोलायचा, असं मंगलच सांगते. उसाची गाडी चिखलात रुतली की हौश्या गुडघे टेकून ती काढायचा. आणि शिवकन्येचंही कळत होतं.

अभिमन्यूने शेवटचा डाव टाकला. "हे बघ, दादांनी त्याला आवतन दिलंय. आवतन दिलेल्याला न जेवू घालता दारातून काढता येत न्हाई."

"अर्धंच दिलंय. 'आज आवतन घ्या' एवढंच म्हणाले आबा. 'उद्या जेवायला या' म्हणायच्या आत त्यानं उचललं."

सगळे माझ्याकडे वळले. काय म्हणालो, ते मलाच ठाऊक होतं. "पुरं म्हणालो," मी सांगितलं. "पुढचं खाली पडल्यावर म्हणालो. तोंडात आलेलं अर्धं ठेवायची मला सवय न्हाई."

मंगलने पदर तोंडाला लावला. शिवकन्येने मान खाली घातली. "बरं. आज जेवू द्या. उद्या जाऊ द्या."

तेव्हा अभिमन्यू जे बोलला ते तो चेष्टेतच बोलला. "चूक तुझीच हाय, शिवकन्ये. रोज संध्याकाळी त्याला तूच सांगायचीस, फाशी नसती म्हणून. मग भ्यावं कशाला त्यानं?"

ती उठली आणि आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कॉलेजच्या कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी होती. ती तिने भिंतीतल्या देवळीत ठेवली, कपाच्या मागे सरकवली आणि म्हणाली, "मी संभाजीनगरला जाणार न्हाई."

त्या दिवशी आमच्या घरी पोळा झाला, पण मीठ विसरलेल्या कालवणासारखा. हौश्याला मिरवणुकीत नेलं नाही. मंगलने लांबूनच हात पुढे करून त्याला पुरणपोळी चारली. त्याने शहाण्यासारखी खाल्ली. गावभर घुंगरमाळा वाजत होत्या आणि शिवकन्या माझ्या बाजेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली होती.

"जाणार न्हाईस म्हंजे?" मी विचारलं.

"मी स्टेजवर खोटं बोलले, आबा."

"खोटं कशाचं? तवा माझ्या बरगड्या शाबूत हुत्या."

"तेच म्हणते. आपलं कोणी पडलं न्हाई तवर बोलायला काय जातं? टाळ्या घेतल्या मी. काल तुमी रक्तात पडलेले बघितले आन मला एकच वाटलं, याला जिता ठेवायचा न्हाई. फडावर त्या गड्याला मारणारे लोक तसंच म्हणत हुते. मग माझ्यात आन त्यांच्यात काय फरक हाय?"

मोठं काही बोलावं असं वाटत होतं, पण मला तसं येत नाही.

"मला बी वाटलं," मी म्हणालो. "दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणत हुतो, त्याला सोडू नका. नंतर पहाटे लघवीला लागली. तवा त्याचा राग बाजूला राहिला आन त्या वार्डबॉयचा आला, भांडं आणंना म्हणून."

ती हसली नाही, पण तिचा खांदा सैल पडला.

"तुला राग आला नसता," मी म्हणालो, "तर मला लई वाईट वाटलं असतं. एवढी वाढवली आन म्हाताऱ्याच्या बरगडीचं हिला काय न्हाई, असं."

"पण तुमी काय म्हणता? विकायचा का ठेवायचा? मार तुमी खाल्लाय."

"मार खाल्लेल्याला इचारू नको. मला आज एक वाटतं, उद्या कळ आली की दुसरं वाटंल."

बाहेर पोरांची मिरवणूक गेली. तिने उठून माझ्या अंगावरची वाकळ नीट केली, पण देवळीतल्या पिशवीकडे बघितलं नाही.

करीच्या दिवशी ऊन वर आलं तसा अजिनाथ टेम्पो घेऊन आला. पान खाल्लेलं तोंड, खांद्यावर नायलॉनचा दोर. माझ्याजवळ बसून त्याने विचारपूस केली, चहा घेतला. मग म्हणाला, "कुठाय आरोपी?"

मला बाजेसकट गोठ्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. अभिमन्यू आला नाही. तो रानात जातो म्हणून निघाला होता, पण वेशीवरच्या लिंबाखाली बसून राहिला होता, हे नंतर विठ्ठलरावाने सांगितलं.

हौश्या खुंट्याला उभा होता. शिंगांना वार्निश, कपाळावर कालचं कुंकू, गळ्यात गुलाबी दावं. अजिनाथने लांबून त्याला निरखलं आणि शिवकन्येला म्हणाला, "चल बाई, तुमचं दावं काढून घे. मी माझा दोर लावतो."

हा आमच्याकडचा रिवाज आहे. बैल विकला तरी दावं विकायचं नाही, ते घरीच ठेवायचं, आणि ते गळ्यातून काढायचं घरच्याच माणसाने. व्यापारी त्याला हात लावत नाही. दावं निघालं की बैल तुमचा राहत नाही.

शिवकन्या पुढे झाली. केसरबाईने "जपून" म्हटलं. हौश्याने मान वर केली आणि मग, ती गव्हाणीपुढे उभी राहिली की नेहमी करायचा तशी, जरा वेळ तिच्याकडे बघून खाली घातली. तिने दोन्ही हात त्याच्या मानेखाली नेले. गाठ तिनेच मारलेली होती, सोडायला अवघड नव्हती. एक पदर तिने सोडवलाही.

मग तिचे हात तिथेच राहिले.

"निघंना का?" अजिनाथ म्हणाला. "ओली असंल. जोर लाव."

ती तशीच उभी. मी बाजेवरून तिची पाठ बघत होतो आणि तिच्या भाषणातलं ते वाक्य माझ्या कानात येत होतं, दोर आपोआप आवळत नाही. ते मी तिला म्हटलं नाही. ज्याने वाक्य लिहिलंय त्याला ते ऐकवायची गरज नसते.

तिने सोडवलेला पदर परत गाठीत घातला, ओढून घट्ट केला आणि मागे सरली. चेहरा पार घामाने भिजला होता.

"काका, मला जमत न्हाई," ती म्हणाली.

"तुला जमत न्हाई तर तुझ्या आईला सांग."

"आईच्या हातानं कावून? बोलावलं मी. तुमाला हेलपाटा पडला, माफ करा."

अजिनाथने दोर खांद्यावर परत टाकला. "आन उद्या यानं दुसऱ्या कोणाला पाडलं म्हंजे? तवा कोण माफी मागणार?"

तो काही वाईट बोलत नव्हता. शिवकन्येने ते ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "आबा, तुमी मागं त्या द्वाड गाईला लोढणं बांधलं हुतं, ते कुठं हाय?"

लोढणं म्हणजे लाकडाचा ओंडका. धावणाऱ्या, मारणाऱ्या जनावराच्या गळ्यात अडकवतात. मग चालताना तो पुढच्या पायांत येतो आणि अंगावर धावून जाता येत नाही. आमचं लोढणं माळ्यावर पडलेलं होतं. मंगलने ते काढून दिलं.

"हे त्याच्या गळ्यात राहील," शिवकन्या म्हणाली. "शिंगाची टोकं कापायची. खुंटा रस्त्यापासून आत न्यायचा. औताला जुंपला की तेवढ्यापुरतं लोढणं काढायचं, ते बी पप्पांनीच. ल्हान पोरं त्याच्याजवळ जाणार न्हाईत. चारा पाणी मात्र पुरं."

"किती दिवस?" मंगलने विचारलं.

"कायम."

"जन्मठेप व्हय," अजिनाथ म्हणाला आणि टेम्पोकडे निघाला. जाता जाता त्याने वेशीवर अभिमन्यूला आवाज दिला असावा, कारण अभिमन्यू पळतच आला. त्याने हौश्याला बघितलं, गळ्यातलं दावं बघितलं, लेकीला बघितलं. काहीतरी टोमणा मारायचा म्हणून त्याने तोंड उघडलं आणि नुसतं नाक ओढलं.

"हसू नका," ती म्हणाली. "मी बरोबर केलं का चूक, मला ठाऊक न्हाई. अजिनाथकाका म्हणाले ते बी खरंच हाय. आन आबांकडं बघितलं की मला अजून राग येतोय."

"मग जा की शिकायला," अभिमन्यू म्हणाला. "सगळं ठाऊक असतं तर तुला एवढ्या लांब कावून पाठवलं असतं? घरीच बसवली असती, माझ्यासारखी. मला सगळंच ठाऊक हाय, म्हणून तर मी हॉटेलात बसतो."

केसरबाई म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा शहाण्यावानी बोलला."

शिवकन्या बाजेच्या काठावर बसली. बराच वेळ नखाने लोढण्याची धूळ खरवडत होती. मग आत गेली, कपामागून पिशवी काढली आणि तिथूनच ओरडून विचारलं, "पप्पा, पहिली गाडी किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी अभिमन्यू तिला घेऊन गेला. जागा मिळाली, होस्टेलही मिळालं. तो परत आला आणि हॉटेलात बसला. विठ्ठलरावाने पेपर वाचून दाखवला, कुठल्याशा दरोड्याचा. सगळे अभिमन्यूच्या तोंडाकडे बघू लागले. तो म्हणे चहात फुंकर घालत राहिला आणि म्हणाला, "आधी पूर्ण वाच."

आता ती दर रविवारी फोन करते. कॉलेजात तिला एक नेकनूरकडचीच मैत्रीण भेटली आहे, रोज भांडतात. हायकोर्टात मागच्या बाकावर एक दिवस बसून आली. तिथे पंखे लई मोठे आहेत आणि वकील लई हळू बोलतात, म्हणाली. फाशीचं विचारलं तर म्हणते, "नसावीच असं अजून वाटतं, आबा. पण आता बोलताना आधी समोर कोण बसलंय ते बघते."

आणि प्रत्येक फोनला शेवटी विचारते, "हौश्याचं काय? लोढणं हाय ना?"

"हाय," मी सांगतो.

आहेच. फक्त दुपारी सगळे रानात गेले की मी काठी टेकत गोठ्यात जातो. बरगड्या आता जुळल्यात. हौश्या मला बघून मागे सरतो, मीही जरा लांबच उभा राहतो. मग हात पुढे करून लोढणं काढतो आणि तो मान झटकून निवांत रवंथ करत बसतो. घटकाभराने परत घालतो. ती दिवाळीला आली की सांगेन म्हणतो. तिच्या कायद्यात याला काहीतरी नाव असेलच.